आईचा गोंधळ

आमच्या मराठवाड्यात ‘गोंधळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही घरातलेच आहेत. लग्नकार्य पार पडले की चौक भरावयाचा, दिवटी पेटवावयाची, आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळ्याने तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत साऱ्या दैवतांस नावे घेऊन बोलवावयाचे, हा पहिला अर्थ. दुसरा सांगावयास नको. सकाळी सात वाजता ज्या घरात दोन मुले, एक सासू, एक नवरा आणि एकच न्हाणीघर असते, त्या घरी तो रोज घातला जातो. तेथे नावे घेऊन हाका मारणारी आई असते, आणि बोलाविलेल्यांपैकी पहिल्या हाकेला कोणीही प्रसन्न होत नाही, एवढाच काय तो भेद. पहिल्या गोंधळाची गीते अभ्यासकांनी जमविली, त्यांवर प्रबंध लिहिले. दुसऱ्या गोंधळाचे वाङ्मय कोठे आहे आणि ते कसे वाचावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा विषय मनात रुजला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’च्या पुनर्वाचनातून, आणि ते पुनर्वाचन घडले २०१६ सालच्या उन्हाळ्यात, लातुरात. त्या वर्षीचे लातूर ज्यांनी पाहिले नाही त्यांस दोन शब्द सांगणे अवश्य आहे. धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला होता, नळ ही भिंतीवर बसविलेली एक शोभेची वस्तू झाली होती, आणि मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ व टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम निघाला होता. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी आली. तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. घरोघरी पाण्याच्या हिशेबाचे एक नवे शास्त्र निर्माण झाले होते. मुलांनी परातीत उभे राहून आंघोळ करावयाची, परातीतले पाणी धुण्याला, धुण्याचे पाणी फरशीला, आणि फरशीचे उरलेच तर तुळशीला नव्हे, संडासाला. तुळशीला भाजी धुतलेले पाणी राखून ठेवलेले असे. ह्या साऱ्या व्यवहाराची मुनीम अर्थातच घरातली आई. एखाद्या चिरंजीवांनी चुळा भरण्यासाठी पिंप उघडले, तर तिच्या कानांस तो आवाज तीन खोल्यांपलीकडून ऐकू येई.

अशा एका दुपारी मी ‘स्मृतिचित्रे’ उघडली. आरंभीच लक्ष्मीबाईंच्या माहेरचे, नाशिकजवळच्या जलालपुराचे वर्णन आहे. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर आलेल्या आघातानंतर त्यांच्या वडिलांच्या मनावर सोवळ्याचा पगडा बसला तो असा, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यावयाचा नाही. धान्य धुवावे हे कोणालाही समजेल. पण तेथे मीठसुद्धा धुवावयाचे! मीठ धुणाऱ्या घराची ती हकीकत मी पूर्वी दोनदा तरी वाचली असेन, आणि दोन्ही वेळा ‘काय विक्षिप्त गृहस्थ!’ म्हणून पान उलटले असेल. त्या दिवशी मात्र पिंपाशेजारी बसून वाचताना मला हसू आवरेना. हसता हसता माझ्या ध्यानात आले की मी त्या गृहस्थांना हसतच नाही; मी पाहते आहे ती पाणी ओतणाऱ्या बायकांकडे. गोदाकाठचे गाव असले म्हणून काय झाले, नदीचे पाणी आपल्या पायांनी चालत घरी येत नाही. मीठ धुतले म्हणजे विरघळते, विरघळले म्हणजे कमी पडते, कमी पडले म्हणजे पुन्हा आणावे लागते, आणि आणले म्हणजे पुन्हा धुवावे लागते! ह्या चक्रात ज्यांचे हात भिजले त्या हातांच्या बाजूने ही गोष्ट सांगितलेली आहे, हे मला तोवर कळले नव्हते.

येथे मला एका प्रश्नाची किल्ली सापडली असे वाटते. घरगुती विनोदाचे कोणतेही पुस्तक हाती घ्यावे आणि त्यास विचारावे, की ह्यात जो पसारा झाला तो शेवटी आवरला कोणी? प्रश्न वरवर पाहता अरसिक आहे. दूध उतू गेले, फजिती झाली, वाचक हसला, येथे कलेचे काम संपले. ओटा पुसण्याशी साहित्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु माझे म्हणणे असे, की विनोदाची घडण ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. ज्याला ओटा पुसावयाचा नाही त्याची गोष्ट दूध उतू जाते तेथे संपते. जिला पुसावयाचा आहे तिची गोष्ट तेथे सुरू होते.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) ह्यांचे उदाहरण घेऊ. चिमणरावांइतका प्रिय कुटुंबप्रमुख मराठीत दुसरा नाही, आणि त्याच्यावर रागावणे कोणालाही साधणार नाही. गुंड्याभाऊ, काऊ, मोरू, मैना आणि राघू ह्या मंडळींनी तीन पिढ्यांच्या घरांत हसू पिकविले. पुढे दूरदर्शनवर येऊन ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते त्यांच्याही घरांत पिकविले. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकविणाऱ्या ह्या विद्वानाने पहिला हास्यबाण नेहमी स्वतःकडे, म्हणजे आपल्या चिमणरावाकडेच वळविलेला असतो. हा त्यांचा मोठेपणा. तरीही वर सांगितलेला प्रश्न त्यांना विचारून पाहावा. फजितीच्या परमोच्च बिंदूवर प्रकरण संपते आणि पुढच्या प्रकरणाच्या आरंभी घर पुन्हा नीटनेटके, नव्या फजितीस सिद्ध! मधल्या कोऱ्या जागेत काऊ काय करीत होती, हे छापलेले नाही. चिमणरावांना ते ठाऊकच नाही. आणि त्यांचे हे ठाऊक नसणे इतके निरागस आहे की आपल्यालाही विचारावेसे वाटत नाही. खुर्चीवर बसून पाहिलेला गोंधळ तो हा. उत्तम पाहिलेला आहे, पण खुर्चीवरून.

आणखी मागे जावे तर मराठीतील पहिली गोंधळलेली आई यशोदा. गौळणींनी तक्रारी घेऊन दारात यावे, पोराने तोंड पुसून आत बसावे, आणि आईने एकदा पोरावर व एकदा गौळणींवर डोळे वटारावे, हा प्रसंग आमच्या पैठणच्या एकनाथांपासून पुढे कितीतरी कवींनी गाइला. घरातल्या खोड्या हा काव्याचा विषय होऊ शकतो हे त्यांनी आम्हांला शिकविले, त्याबद्दल त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण शिंक्यावरची मडकी एवढी फुटली, दह्यालोण्याचा एवढा चिखल झाला, त्या खापऱ्या वेचल्या कोणी? गौळण आपली तक्रार गात गात निघून जाते, भक्त टाळ वाजवितो, आणि लोणी जमिनीवर तसेच.

ह्या प्रश्नाला उत्तर देणारी बाई त्याच गोदावरीच्या काठी, गंगाखेडास जन्मली. जनाबाई आई नव्हती, दासी होती; पण घर आवरणे म्हणजे काय हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार? तिच्या नावावरील अभंगांत देव येतो तो दर्शन देण्याकरिता नव्हे, कामाला हात लावण्याकरिता. तो जाते ओढतो, शेण्या वेचतो, केर उचलतो. ह्या अभंगांचा भक्तिपर अर्थ कीर्तनकार सांगतातच आणि तो खराच आहे. मला त्यांत एक मिस्किल बाईही दिसते. ज्याच्या बाललीलांनी गोकुळभर पसारा झाला, त्याच्याच हाती तिने केरसुणी दिली. यशोदेला जे साधले नाही ते ह्या गंगाखेडच्या मोलकरणीने साधले, आणि कोणाला कळूही दिले नाही.

‘स्मृतिचित्रे’ ह्या वंशातले पुस्तक आहे. १९३४ ते १९३६ ह्या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. लग्न बालपणीच झालेले. अक्षरे नवऱ्याने शिकविलेली. नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलांमुलांचे कवी. त्यांच्या हाती पैसा आला की तो दुसऱ्याच्या हाती जावयाचा. राग आला की पायांत वहाण घालून निघावयाचे. कळवळा आला की कोणाचे तरी मूल घरी आणावयाचे. कवी म्हणून हे गुण फार मोठे. पण रात्रीच्या पिठाचा डबा कवीस विचारून रिकामा होत नाही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मध्ये ताटातुटीची वर्षे गेली, आणि त्यानंतर पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ नवरा एका धर्माचा व चूल दुसऱ्या धर्माची असा संसार चालला. नगरला प्लेग आला, दुष्काळ आला, घरातली लेकरे वाढत गेली. पोटची आणि पोटची नव्हेत अशी. ह्या साऱ्याचा वृत्तान्त वाचताना वाचक हसतो. का हसतो?

टीकाकारांनी ह्या पुस्तकास साधे, भाबडे, निर्व्याज, प्रांजळ अशी विशेषणे पिढ्यान्‌पिढ्या बहाल केली आहेत. त्यांत खोटे काही नाही, पण ती विशेषणे देताना आपण बाईला अंगणात तांदूळ निवडीत बसवितो आणि कला तिच्याकडून नकळत घडली असे म्हणून मोकळे होतो. ज्या बाईने घडलेल्या गोष्टींतून नेमकी कोणती सांगावी, कोठे थांबावे आणि नवऱ्याची फजिती केवढ्या अंतरावरून दाखवावी हे इतके अचूक ठरविले, ती भाबडी कशी? तिच्या गोष्टी हास्याच्या टोकावर थांबत नाहीत, पुढच्या कामाकडे जातात. टिळक काहीतरी अतर्क्य करून बसतात. दुसरा लेखक येथे परिच्छेद तोडील. लक्ष्मीबाई मात्र मग घरात काय शिल्लक होते, कोणाकडून काय उसने आणले, मूल रडत होते त्याचे काय केले हे सांगत पुढच्या वाक्यात शिरलेल्या असतात. हसू मागे राहते आणि आपण चालता चालता हसतो. ह्याला कोणी बांधणीतला सैलपणा म्हणेल. मला ती बांधणीच वाटते. आईच्या दिवसाची बांधणी अशीच असते; हसावयाला बसून राहील एवढा वेळ तिला नसतो.

आवरण्याची ही वृत्ती त्यांच्या इतर लेखनातही दिसते. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. नवऱ्याने अर्धवट सोडलेले काव्यदेखील बायकोनेच आवरावयाचे, हा त्या संसाराचा केवढा खरा शेवट! आणि पुढे त्यांची स्वतःची ‘स्मृतिचित्रे’ अपुरी टाकून १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, तेव्हा चौथा भाग मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. एकाचा पसारा दुसऱ्याने आवरावयाचा ही त्या घराची रीतच होती म्हणावयाची. एक पिढी का होईना, ती मुलाच्याही अंगवळणी पडली.

आता ह्या पुस्तकाची वर्षे पुन्हा एकदा पाहावीत. लक्ष्मीबाईंचे भाग बाहेर पडत होते त्याच सुमारास, १९३५ साली, मराठीत दुसरी एक आई अवतरली. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली होती. नाशिकचीच भूमी, तेच दशक, आणि दोन आया: एक मुलाने सांगितलेली, एक स्वतः बोलणारी. पहिलीने महाराष्ट्राला रडविले; १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ती घराघरांत देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसली. दुसरीला रसिकांनी नावाजले, अभ्यासक्रमात नेमले; पण आईचे पुस्तक म्हणून घरात मुलांच्या हाती देताना आपण ते पुढे केले नाही. ‘श्यामची आई’विषयी मला कमी लिहावयाचे नाही, त्या पुस्तकाने माझेही डोळे अनेकदा ओले केले आहेत. पण त्यातली आई हसली कधी, हे आठवावयास मला थांबावे लागते. मुलाच्या स्मृतीत आई हसत नसते, ती सोसत असते. कारण मुलाला नंतर आठवते ते तिचे ऋण. तिला त्याच प्रसंगी हसू आले असेल काय, हे त्याला कसे कळावे? श्यामच्या गोष्टीतले कितीतरी प्रसंग त्या माउलीने शेजारणीस सांगितले असते तर कसे सांगितले असते, ह्याचा विचार करून पाहावा. मला तर खात्री आहे की ओसरीवर खसखस पिकली असती.

आणि गंमत अशी की साने गुरुजींना हे ठाऊक होते. त्यांनीच पुढे बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ प्रसिद्ध केले. त्या ओव्यांतली आई तान्ह्या बाळाच्या खोड्या सांगताना नुसती सोशीक नाही. तक्रार करता करता कौतुक करते आणि कौतुक करता करता शेजारणीला टोमणा मारते. ही ओवी कशी जन्मते तेही ध्यानात घ्यावे. पहाटेचा अंधार, दोन्ही हात खुंट्याला, मांडीवर मूल, पाठीमागे जागे होऊ पाहणारे घर. अशा स्थितीत जे सुचेल ते दोन ओळींतच सुचणार. कमलाबाई देशपांड्यांनी ह्या वाङ्मयास ‘अपौरुषेय’ हे नाव दिले, ते वेदांना लावण्याचे विशेषण जात्याला लावून. ह्याहून चांगला कोटिक्रम मराठी समीक्षेत मला माहीत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी पुढे खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. म्हणजे सामग्री नाही असे नाही. विजेच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि गाणाऱ्या बायकांच्या सुना आता दळणाचा डबा मुलाबरोबर गिरणीत पाठवितात. तो मुलगा वाटेत क्रिकेट खेळत बसतो, त्याची ओवी कोणी रचीत नाही, हा भाग वेगळा.

माझा आक्षेप लक्ष्मीबाईंवरही थोडा आहे आणि तो नोंदविल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. कित्येक ठिकाणी त्यांचे हसू टिळकांना फार स्वस्तात सोडून देते. घरात दाणा नसताना सारे पैसे देऊन येणाऱ्या नवऱ्याची हकीकत वाचून आपण त्याच्या औदार्यावर लुब्ध होतो, त्याचे कारण लक्ष्मीबाईंची लेखणी. हीच गोष्ट न हसता सांगितली असती तर तिला निराळे नाव द्यावे लागले असते. विनोदाने माणूस सोसतो तसा विनोदाने समोरच्याचा अपराधही धुऊन निघतो, आणि धुणारी पुन्हा तीच! मात्र टिळकांच्या धर्मांतराच्या वार्तेनंतरच्या दिवसांत त्यांनी हसू आणण्याचा प्रयत्न केलेला नाही. ती पाने सरळ दुःखाची आहेत. विनोद कोठे करावयाचा नाही हे ज्याला समजते त्याचाच विनोद विश्वासार्ह असतो, म्हणून त्यांना मी इतर ठिकाणी क्षमा करते.

वाचक म्हणतील, लातूर-नांदेडच्या बाईने नाशिकच्या बाईचे एवढे कौतुक करावे, मग आमच्या भागात तिच्या पिढीतली कोणी लक्ष्मीबाई का निर्माण झाली नाही? विनोदबुद्धीचा दुष्काळ आमच्याकडे कधीच पडलेला नाही, पाण्याचा पडला. कारण दुसरे आहे. नांदेड आणि लातूर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. दरबाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले. मराठी लिहावयास शिकणे हे जेथे मुलग्यांना अवघड तेथे मुलींची काय कथा! लक्ष्मीबाईंच्या वयाची आमच्याकडची बाई तितकीच हसली असेल. पण तिला शिकविणारा कवी नवरा भेटला असता तरी छापणारे साप्ताहिक कोठे होते? तिचे हसू जात्याभोवती फिरले आणि पिठात मिसळून गेले. उर्दू, तेलुगू, कानडी ह्या तिन्ही भाषांचे पाणी ज्या बोलीत मुरले आहे, जिच्यात कामाला ‘करायलंय’ म्हणतात, म्हणजे काम नेहमी चालूच असते, पुरे कधी होत नाही, त्या बोलीत हा विनोद बोलला गेला, लिहिला गेला नाही.

तो अजूनही बोलला जातो. मी लातुरात जेथे राहते तेथे आजूबाजूच्या इमारतींत शिकवणीसाठी आलेल्या मुलांची बिऱ्हाडे आहेत. दहावीच्या गुणांनी ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाले, आता वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेने झाले आहे, नांदेडातही तोच प्रकार. मुलाबरोबर आई येते. एक खोली, एक शेगडी, एक कुकर, भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. गावाकडे सासू, नवरा, म्हैस. म्हणजे एका बाईचे दोन संसार, आणि मधला सेतू दूरध्वनी. कंधारकडच्या अशा एका बाईने दोन-तीन वर्षांपूर्वी जिन्यात बसून मला जे सांगितले ते येथे देते.

“तिकडून आत्याबाई फोनवर वरडायल्या, दूध उतू चाललंय. हिकडून लेकरू म्हणायलं, मम्मी, न्यूटनचा नियम कळंना, डोस्कं तापायलं. दोगं एकदाच. मी दोगालाबी एकच सांगितलं, आधी गॅस बंद कर!”

मी मोठ्याने हसले. ही गोष्ट पुढे मी साहित्यिक मित्रमंडळींत किमान चार वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी हशा मिळविला. एका मासिकाच्या दिवाळी अंकात ती चौकटीतही छापून आली, माझ्या नावाने. चौथ्या-पाचव्या खेपेस सांगताना मला आठवले, की त्या बाई तेथे थांबल्या नव्हत्या. मी हसत होते तेव्हा त्या बोलत होत्या. त्यांचे पुढचे वाक्य होते: “आन् त्या करपलेल्या भगुन्याला तसंच ठिवलंय बगा. कुनी हात लावंना. दिवाळीला गेले की माझ्याच हातानं घासायचंय.”

हे वाक्य मी गाळले होते. मुद्दाम नव्हे, गोष्ट कशी सांगावी ह्याचे जे शिक्षण मी पुस्तकांतून घेतले त्याने ते आपोआप गाळले. चिमणरावांच्या खुर्चीवर मी कधी जाऊन बसले ते मलाही कळले नाही. ‘गॅस बंद कर’ हा विनोद आहे, उत्तम विनोद आहे. पण तो कोणीही रचू शकेल, एखादा पुरुष विनोदकारही रचील. भगुने मात्र ज्याला घासावयाचे नाही त्याला सुचणार नाही. त्या भगुन्यामुळेच ती गोष्ट त्या बाईची होती. ते काढून टाकल्यावर ती माझी झाली.

म्हणून संपादकांस आणि विशेषतः घरगुती विनोद लिहिणाऱ्या भगिनींस माझी विनंती आहे. पुण्या-मुंबईकडे मंगला गोडबोले ह्यांच्यासारख्या लेखिकांनी गृहिणीच्या नजरेने हसण्याची वाट केव्हाच मळवून ठेवली आहे. आमच्या भागातील लेखिकांनी ती नुसती पुढे न चालवता आपल्या बोलीत वळवावी. येळवशीच्या आदल्या रात्री भज्जी, आंबील आणि उंडे करीत जागणारी बाई, पहाटे ते सारे डोक्यावर घेऊन शेतातल्या कोपीपर्यंत नेणारी, आणि तेथे गेल्यावर पळी घरी राहिली हे ध्यानात येणारी, ही कोणी लिहिली पाहिजे. लिहिताना शेतातून परत आल्यावर त्या आंबिलाच्या घागरी कोणी धुतल्या तेही लिहावे. संपादकांनी लांबी फार झाली म्हणून ते शेवटचे वाक्य कापू नये. मी स्वतः संपादक असते तर कापले असते, हे वर कबूल केलेच आहे.

त्या कंधारच्या बाईंचा मुलगा गेल्या वर्षी परीक्षा देऊन गेला. खोली रिकामी करताना त्यांनी मला कुकर, दोन बादल्या आणि तो मूलद्रव्यांचा तक्ता देऊ केला; तक्त्याच्या पाठीमागे दुधाचा, पेपराचा आणि पाण्याच्या जारांचा दोन वर्षांचा हिशेब पेन्सिलीने लिहिलेला होता. मी तक्ता ठेवून घेतला. जाता जाता मी त्यांना भगुन्याचे विचारले. त्या म्हणाल्या, “कंचं? त्याच्यानंतर आनखी तीन करपले.”